मोखाड्यातल्या पाड्यासाठी सोलर पंप: ३ एचपी घ्यावा का? जाणकारांनी सांगा

पाड्यावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी मोखाडा तालुक्यात शाळेवर आहे. आमचा पाडा ४० घरांचा, माणसं २२० च्या आसपास. पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर आणि होळी झाली की बायका खालच्या ओहोळातल्या डबक्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. आमच्या कॉलेजच्या बॅचने पैसे जमवलेत, पाड्याला पाणी द्यायचंय म्हणतात. जुना हातपंपाचा बोअर आहे, शिवाय दिवाळीनंतर नवीन एक मारला त्याला दणकून पाणी लागलं. डीलरचं कोटेशन आलंय, ३ एचपी सोलर पंप, १० हजार लिटरची टाकी, घरोघरी नळ. सरकारी योजनेचा पाइप पाड्याच्या अलीकडेच संपलाय, तो कधी पुढे सरकेल देव जाणे. ३ एचपी बरोबर आहे का? आणि दोन वर्षांत हे भंगारात जाऊ नये म्हणून काय करायचं? शेजारच्या पाड्यावर असाच सेट होता, कंट्रोलर जळला तो जळलाच, आता पॅनलखाली शेळ्या बांधतात.

बोअरगाडीवाला
मास्तर, दिवाळीनंतरच्या पाण्यावर एक रुपया लावू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, पावसाळ्यात तुडुंब भरतं आणि उतार असल्यामुळे तितक्याच वेगाने ओढ्याला वाहून जातं. खोल मारला म्हणून पाणी वाढतं असंही नाही, खाली अखंड दगड लागला की नुसती धूळ उडते आणि फुटाचं बिल वाढतं. (हे मी स्वतः गाडीवर असून सांगतोय, धंद्याचं नुकसान करून.)
मे महिन्यात भाड्याने पंप आणि जनरेटर आणा, सलग पाच-सहा तास चालवा, २०० लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो ते मोबाइलवर लावा. सुरुवातीचं धरू नका, शेवटच्या तासाचं धरा. ५ मिनिटांत भरला तर तासाला २४०० लिटर, १५ मिनिटं लागली तर फक्त ८००. जो आकडा येईल तोच तुमचा बोअर, बाकी सगळं डीलरचं.

गणित_आधी
वरच्यांना पूर्ण अनुमोदन. आता ३ एचपीचं बघू. सरकारच्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे २२० माणसांना १२,१०० लिटर. बोअरमधली पातळी आणि टाकीची उंची धरून एकूण ६० मीटर उचलायचं समजा (तुमचं तुम्ही मोजा, हे उदाहरण आहे). त्याला निव्वळ ऊर्जा लागते साधारण २ युनिट, पंप-मोटरचा तोटा धरून ५ युनिट. दिवसाचं पूर्ण ऊन ५ तास पकडलं तर १ किलोवॅट पॅनल, धूळ आणि उष्णतेचा तोटा धरून दीड. पंप १ एचपीचा पुरतो. ३ एचपी कशाला सुचवला ते तुम्हालाही कळतंय. आणि मोठ्या पंपाने नुकसानच होतं, मे मध्ये बोअर तासाला ८०० देत असेल तर तो दहा-पंधरा मिनिटांत बोअर रिकामा करणार आणि मग कोरडा फिरणार. ड्राय रनचं संरक्षण कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.
८०० च आले तर सहा तासांत ४,८०० लिटर, माणशी २२ झाले. प्यायला-स्वयंपाकाला भागतं, धुण्याला नाही. तेव्हा घरोघरी नळाचा हट्ट सोडा आणि उरलेले पैसे ओढ्यावर विहीर किंवा भूमिगत बंधाऱ्यात घाला. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसला अर्ज करा, जागा तेच दाखवतील. त्यांची दुहेरी पंपाची पद्धत आहे, एकाच बोअरवर सोलर पण आणि हातपंप पण. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन नसतं तेव्हा तो हातपंपच कामाला येतो. तुमचा जुना कुणाला काढू देऊ नका.

रानवाट
सगळं पंपावरच चाललंय म्हणून लिहितेय. मास्तर, ४० घरांत कड्याकडेची कातकरी घरं मोजलीत का? आमच्या भागात दोन योजना अशा बघितल्या की पाइप वस्तीच्या बाजूने गेला आणि कातकऱ्यांना तोटी नाही, का तर घराची ग्रामपंचायतीत नोंद नाही, जागा वनखात्याची. पीएम जनमनमध्ये (कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना) अशा २० पेक्षा कमी घरांच्या वस्त्यांना सामुदायिक पाण्याची तरतूद आहे, ग्रामसेवकाला विचाराच. टाकी किंवा पाइप वनजमिनीवर येत असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा, पाण्याची टाकी, छोटी पाइपलाइन यांना १ हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ च्या आत झाडं जात असतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर परवानगी मिळते. ठराव आधी करा. काम झाल्यावर गार्ड येऊन पाइप उचलायला लावतो तेव्हा कुणी देणगीदार जागेवर नसतो.
आणि स्टँडपोस्ट (सार्वजनिक नळ) कुठे हे बायकांना विचारा, पुरुष नेहमी चावडीजवळ सांगतात. टाकीचा तळ वरच्या आळीच्याही वर हवा, नाहीतर खालच्या घरांना धो धो आणि वरच्यांना नुसती हवा.
दुरुस्तीसाठी घरटी महिना ३० रुपये काढा, बचत गटाच्या खात्यात. वर्षाला १४,४०० होतात.

शहापूरकर
ताई बाकी पटलं, ३० रुपये नाही पटले. आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, मुंबई बसल्या जागी पाणी पिते आणि धरणाशेजारच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. त्यांनी परत वर्गणी पण काढायची? पेसातल्या (पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागातल्या) ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी येतो, वित्त आयोगाचा बंधित निधी पाण्या-स्वच्छतेसाठीच असतो. तो मागा, ग्रामसभेत भांडून.

रानवाट
दादा, भांडा ना, मीही भांडते. पण वॉशर गेला मंगळवारी आणि ग्रामसभा तीन महिन्यांनी. निधी मोठ्या कामाला, पंप-कंट्रोलर बदलायला. वॉशर, तोटी, फुटलेला पाइप, याला हातात रोख लागते. चैत्रात रोजगाराला बाहेर गेलेल्या घरांकडून घेऊ नका, भात निघाल्यावर एकदम द्या म्हणा, देतात लोक.

पाड्यावरचा_मास्तर
खूप धन्यवाद सगळ्यांना. कातकरी ७ घरं आहेत, ४० मध्ये धरली नव्हती, म्हणजे गणित परत करावं लागणार. बॅचवाल्यांना मे पर्यंत थांबा सांगतो, कुरकुर होईल, उद्घाटन २६ जानेवारीला धरून बसलेत. अजून एक, देखभाल कोणाला शिकवू? दहावी झालेली पोरं आहेत पण टिकत नाहीत, पावसाळा सरला की वीटभट्टीवर.

गणित_आधी
पोरं सोडा, गावात राहणाऱ्या दोन बायकांना शिकवा. पॅनल पुसणं, वॉशर बदलणं, कंट्रोलरवरचा एरर वाचणं, एका दिवसात येतं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्टचा (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी) पिवळा रंग बघणं पण त्यांच्याकडेच द्या, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून शिकून घ्या. टीसीएलची पिशवी उघडी ठेवायची नाही, पावडर ओली झाली की नुसता चुना राहतो. डीलरकडून पाच वर्षांचा देखभाल करार आणि पैशाचा शेवटचा हप्ता पहिला उन्हाळा निघाल्यावर, हे दोन्ही लिहून घ्या. ड्रमचा आकडा आला की इथेच टाका, पंपाचं मॉडेल बघून सांगतो.