दर महिन्याच्या ११ तारखेला माझ्या सगळ्या चांगल्या सवयी मोडतात

हिशेबनीस:
मंडळी, सल्ला हवाय. फक्त “पहाटे पाचला उठा” एवढं सोडून.

मी नागपुरात गांधीबागेत एका टॅक्सच्या ऑफिसात काम करते. कापडवाले, किराणावाले, भांडीवाले मिळून चाळीसेक पार्ट्या माझ्याकडे. ज्यांचा जीएसटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं विक्रीचं रिटर्न (जीएसटीआर-१) ११ तारखेपर्यंत आणि कर भरायचं रिटर्न (३बी) २० तारखेपर्यंत जावं लागतं. पार्ट्यांना मात्र बिलांची आठवण १० तारखेच्या संध्याकाळी येते. तीही व्हॉट्सॲपवर. आडवे फोटो, त्यावर पंख्याची सावली.

२१ तारखेला मी नवी बाई होते. सकाळी दहा मिनिटं शांत बसणं, डबा स्वतः करणं, झोपायच्या आधी उद्याची तीन कामं लिहिणं. वहीत रोज बरोबरची खूण. १० तारखेपर्यंत सगळं छान, मग कोरी पानं, मग पुन्हा २१. चार महिने हेच चाललंय. नवरा म्हणतो, तुझ्या वहीला दर महिन्याला अमावस्या लागते.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना? मोजून बघा. ३१ चा महिना असेल तर २१ पासून १० पर्यंत बरोबर २१ दिवस होतात. म्हणजे सवय लागली रे लागली की दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१!

दुसरं दुखणं लक्षाचं. मागच्या महिन्यात स्टीलच्या डब्यांचं बिल होजिअरीवाल्याच्या खात्यात चढवलं. बनियनवाल्याने डबे कधीपासून विकले म्हणून शंका आली आणि रिटर्न जायच्या आधी सापडलं. नाहीतर भोग होते. कोणी अशा कामात राहून काही टिकवलंय का?

सांबारवडी:
ताई, आधी त्या २१ दिवसांचा निकाल लावू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे लोकांनी “निदान” गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, अभ्यास, वाट्टेल ते घातलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता. जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, असल्या साध्या गोष्टी. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. अधेमधे एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. अर्थात एक दिवस वेगळा आणि तुमचे दहा दिवस वेगळे.

बर्डीचा_पोट्टा:
ताई, सवयीचं मले काही समजत नाही, पण त्या बनियनवाल्याच्या डब्याचं सांगतो. मी मोबाईल रिपेअर करतो. एक फोन उघडला की त्याचे स्क्रू चुंबकाच्या मॅटवर, ज्या जागचा त्या जागी. तो बंद झाल्याबिगर दुसरा उघडायचा नाही, गिऱ्हाईक किती बी बोंबलू दे. नवीन होतो तवा दोन फोन संगं उघडले होते. लांब स्क्रू आखूडाच्या जागी कसला अन् बोर्डच गेला. पैसे माह्याच खिशातून गेले. तुम्ही बी एका पार्टीची फाईल मिटल्याबिगर दुसरीचा व्हॉट्सॲप उघडू नका बावा.

रोखठोक:
प्रॉब्लेम सवयीचा नाही, चाळीस पार्ट्यांचा आहे. साहेबांना माणूस वाढवायला सांगा.

हिशेबनीस:
@रोखठोक, सांगितलं होतं. साहेबांनी प्रिंटर वाढवला.

@बर्डीचा_पोट्टा, दादा, हे चुंबकाचं फार पटलं.

परतलेला:
मी माहुरझरीला धम्मनागमध्ये विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. फोन पहिल्याच दिवशी जमा, पहाटे चारला घंटा, बोलणं बंद. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास बघायचा, आनापान. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं असतं. मी अकरा दिवस बसलो. बाराव्या दिवशी साळ्याचं लग्न निघालं.

मग लक्षात आलं, मी मोकळ्या वेळेच्या भरवशावर होतो आणि मोकळा वेळ कोणाचाच सख्खा नाही. तुमच्या ११ ते २० मध्येही काय चुकत नाही ते बघा. ऑफिसला कशाने जाता?

हिशेबनीस:
मेट्रोने. वासुदेव नगर ते अग्रसेन चौक. पण त्या दिवसांत मेट्रोतही बिलंच बघत असते.

परतलेला:
सगळा प्रवास नको. दोन-चार स्टेशनं सोडवा त्यातली.

हिशेबनीस:
आज २२ तारीख. हिशेब द्यायला आलेय.

शंकर नगर ते सीताबर्डी एवढाच पट्टा घेतला. शंकर नगरची अनाउन्समेंट झाली की फोन पर्समध्ये, चेन बंद. मधे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आणि झाशी राणी चौक. श्वास बघायचा म्हणून बसले, पण पहिले दोन दिवस फोन वाजल्याचा भासच होत राहिला. तिसऱ्या दिवशी समोरच्या आजींच्या पिशवीतून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, डोकावत होता, तोच बघत बसले. तेही चालतं असं मी ठरवलंय. सीताबर्डीला गर्दी आत शिरते, तिथे आपली साधना संपली. दहापैकी आठ दिवस जमलं. १४ ला नवऱ्याने स्कूटरवर सोडलं आणि १७ ला साहेबांचा फोन होता.

तीन कामं लिहिणं या दहा दिवसांत जमणारं नाही. एकच लिहिलं, झोपताना नाही तर कॉम्प्युटर बंद करायच्या आधी, जुन्या चलानच्या पाठीवर, आणि तो कागद कीबोर्डखाली. सकाळी आधी तोच हाती लागतो.

डबा मात्र साफ बुडाला. पाच दिवस तर्री पोहे, बाकीचे विचारू नका. डबा आता २१ तारखेचा पाहुणा, त्याला ११ नंतर बोलवायचंच नाही.

एका वेळी एक पार्टी हे कठीण गेलं. होजिअरीवाल्याचे अर्ध्या तासात सात मिस्ड कॉल. मी भांडीवाल्याचं ३बी भरूनच फोन केला, तर म्हणे, “मॅडम, आजकाल तुम्ही मोठ्या झाल्या.” या महिन्यात बनियन मात्र बनियनच्याच खात्यात गेले.

पुढच्या महिन्यासाठी सगळ्यांना मेसेज टाकलाय: बिलं ५ तारखेपर्यंत, फोटो सरळ, पंखा बंद. चाळीसांपैकी तिघांनी अंगठा दाखवलाय. कोणत्या अर्थाने, ते ५ ला कळेल.