लॅव्हेंडर दोनदा गेलं, आता मधमाश्यांसाठी काय लावू?

तळमजला_मुलुंड:
आमच्या खिडकीखाली कंपाउंडच्या भिंतीलगत 12 फूट लांब, जेमतेम 2 फूट रुंद वाफा आहे. पलीकडे काकडीचा वेल. त्याच्या फुलांवर मी रोज सकाळी ब्रश घेऊन मधमाशीचं काम करते, म्हणून खऱ्या माश्या हव्यात. दोन वर्षं लॅव्हेंडर आणलं, जुलैत बुंध्याशी काळं पडून मेलं. यंदा गेंदेदार शेवंती लावली. शेजारणी फोटो काढतात, माशी एक फिरकत नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकेल असं काही सुचवा. जांभळं असेल तर सोन्याहून पिवळं!

काडीवाला_बोरिवली:
लॅव्हेंडर कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातलं. आपल्या आषाढात मुळं कुजणारच. आणि गेंदेदार शेवंतीत पाकळ्यांचीच एवढी गर्दी, की माशीला आत शिरायला वाट नाही.

जांभळी कोरांटी लावा. पिवळीला काटे असतात, हिला नाहीत. दीड-दीड फुटांवर आठ रोपं पुरतील. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास सुरू होते ती संक्रांतीपर्यंत. सातेरी मधमाशी येते, शिवाय पोटावर निळे पट्टे असलेली एक एकांडी माशी. ती आधी ऐकू येते, मग दिसते. बहर सरला की फेब्रुवारीत गुडघ्याखाली छाटा. मी एका वर्षी दया दाखवली, तर झुडपं फताडी होऊन तळाशी नुसत्या काड्या उरल्या.

सब्जा_तुळस:
संक्रांतीनंतर माश्यांनी काय खायचं? मधेमधे तुळस लावा आणि सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. आमच्या तुळशीवर भर एप्रिलमध्येही पोयाच्या माश्या असतात. मुंगीएवढ्या, डंख मारत नाहीत.

तळमजला_मुलुंड:
मंजिऱ्या सासूबाई खुडतात! वाफ्यातली तुळस माझी, असं ठरवून टाकते. ऊन सकाळी 8 ते 12 एवढंच. शिवाय सेक्रेटरी म्हणतात पोळं होईल, आणि पेस्ट कंट्रोलवाला दर महिन्याला सगळं फवारून जातो.

काडीवाला_बोरिवली:
तेवढं ऊन चालेल. सेक्रेटरींना सांगा, आग्या उंच छज्ज्याखाली पोळं लावते, सातेरी ढोलीत. झुडपात बांधलंच तर फुलोरी मधमाशीचं, तळहाताएवढं, आणि ती स्वभावाने गरीब. फवारणी मात्र आधी थांबवा. फुललेल्या झुडपावर औषध मारायचं असेल, तर कोरांटी लावूच नका. काड्या जूनमध्ये माझ्याकडून न्या. वीतभर काडी, दोन डोळे मातीत.