मदत हवी आहे : क्रोम सोडला, आता मेलच्या वेळा चुकताहेत

पेठकरी:
जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हवंच, क्रोममध्ये ते चालेनासं झालं, म्हणून क्रोम सोडला. मुक्त सोर्स हवा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला; पाळत नको. भाच्याने एक ब्राउझर टाकून दिला, पण बंद केला की सगळीकडून लॉगआउट. वर दुपारी अडीचला आलेली मेल सकाळी नऊची दाखवतो. दुसरा कुठला घेऊ? जरा लवकर सांगा, रिटर्नची कामं खोळंबली आहेत.

कर्वेनगर_कट्टा:
लॅपटॉप जुना ना? आतलं घड्याळ चालवणारी सीमॉस बॅटरी गेली. तपकीर गल्लीत जा, सीआर २०३२ मागा.

पेठकरी:
अहो, टास्कबारवरचं घड्याळ बरोबर आहे. ब्राउझर विचारतोय मी.

उसाचा_रस:
ब्रेव्ह घ्या आणि मोकळे व्हा. जाहिराती आपोआप अडतात, सगळ्या साइट चालतात.

मुक्तछंद:
ब्रेव्हचा कोड मुक्त आहे, मान्य. पण इंजिन गूगलच्याच क्रोमियमचं. एज, ऑपेरा, विवाल्डी, सगळे त्याच विहिरीवर पाणी भरतात. वेगळं इंजिन हवं तर फायरफॉक्स.

उसाचा_रस:
आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं घर कोणाच्या पैशावर चालतं? बरंचसं गूगलच्याच. फेब्रुवारी २०२५मध्ये नव्या अटी आणल्या, बोंबाबोंब झाल्यावर भाषा बदलली.

मुक्तछंद:
बदलली ना? २०२०मध्ये बायनान्स या क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला की ब्रेव्ह स्वतःला कमिशन मिळवून देणारा रेफरल कोड चिकटवायचा, ते सोयीस्कर विसरलात.

नळस्टॉप:
तुमचं चालू द्या. पेठकरी, भाच्याने टाकलंय काय नेमकं? विंडोज का लिनक्स?

पेठकरी:
विंडोज. निळं चिन्ह आहे, लांडग्याचं.

नळस्टॉप:
मग लिब्रवुल्फ. बिघडलेला नाही, मुद्दामच तसा केलाय. फायरफॉक्सवरच बेतलेला, टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती कंपनीला पाठवणं, काढलेली, युब्लॉक आधीच आत. ब्राउझरच्या बारीकसारीक तपशिलांवरून तुमचा ठसा (फिंगरप्रिंट) ओळखू येऊ नये म्हणून साइटला सगळ्यांचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, सांगतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून अडीचचे नऊ. सेटिंग्जमध्ये लिब्रवुल्फ असा वेगळा विभाग आहे, तिथली रेझिस्ट फिंगरप्रिंटिंगची खूण काढा. बंद होताना कुकीज पुसतो म्हणून लॉगआउट होतं; कुकीजच्या एक्सेप्शन्समध्ये मेलचा पत्ता घाला. बँकेचा घालू नका, ती लॉगआउट झालेलीच बरी.

मुक्तछंद:
ती खूण काढलीत तर ठसा लपवायची अर्धी गंमतच गेली. त्यापेक्षा साधा फायरफॉक्स, टेलिमेट्री बंद, युब्लॉक टाका.

ग्नूभक्त:
कोणी ग्नूच्या आइसकॅट ब्राउझरचं नावच घेत नाही! त्यात लिबरजेएस असतं, साइट चालवणारी जावास्क्रिप्ट मुक्त नसली तर चालूच देत नाही.

उसाचा_रस:
मग बँकेची साइट उघडते का?

ग्नूभक्त:
बँकेत स्वतः जावं.

कर्वेनगर_कट्टा:
दुपारी जाऊ नका, जेवायची सुट्टी असते.

पेठकरी:
नळस्टॉप, वेळ जमली, मेलही लॉगिन राहतेय. आभारी आहे. पण रिटर्नच्या साइटवर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन दिसत नाहीये. हेही ब्राउझरमुळेच का?

नळस्टॉप:
कुठलं टोकन? ड्रायव्हर टाकलाय का? आधी कुठे चाललं होतं? नवीन धागा काढा, आणि या वेळी सगळं लिहा.