कड्यातल्या घरांचं लोकेशन द्यावं का?

सोनसळी (धागालेखिका)

गेल्या शनिवारी आम्ही सहाजण फिनिक्सहून ॲरिझोनातल्याच सुपरस्टिशन डोंगरात एका दिवसाची हाइक करून आलो. फोटो टाकल्यापासून ग्रुपवर सारखं चाललंय, 'लोकेशन पाठव'. मी पाठवलेलं नाही आणि इथेही त्या घळीचं नाव लिहिणार नाही. त्यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून हा धागा.

आधी काय पाहिलं ते सांगते. पहाटे पाचला निघालो. शेवटचा कच्चा रस्ता उंच गाडीलाच झेपणारा. पुढे जाऊन-येऊन नऊ मैल चाल, आणि चढ सगळा परतीला, ऐन उन्हात. माणशी चार लिटर पाणी नेलं होतं, तेही संपलं. २०१९च्या वुडबरी आगीत या डोंगरातले सव्वा लाखाच्या आसपास एकर जळले. काळे बुंधे अजून उभे आहेत आणि मधल्या उघड्या जागेत काटेरी झुडपं इतकी माजलीत की माझी बाही फाटली. खाली घळीत मात्र पांढऱ्या सालीची सिकॅमोरची झाडं, आणि समोर कड्याच्या पोटात घर.

सलाडो या इथल्या जुन्या मूळ रहिवाशांनी साधारण सातशे वर्षांपूर्वी बांधलेलं. दगडावर दगड, मध्ये माती. वर कड्याचंच छत असल्यामुळे पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही, म्हणून ती नुसती माती आजवर टिकली. गिलाव्यात बोटांचे ठसे आहेत. हात न लावता माझं बोट जवळ नेलं, तर ठसा माझ्या बोटापेक्षा बारीक. आजी ओटा सारवायची तेव्हा तिच्या बोटांच्या अशाच ओळी उठायच्या. मी तिथून लवकर हलले नाही.

तेवढ्यात आमच्यातलाच एकजण फोटोसाठी उंबऱ्यावर चढला आणि तोल सावरायला त्याने भिंतीला हात टेकला. मुठीएवढा लपका निसटून खाली पडला, त्याचा भुगा झाला. बिचारा वाकून भुगा गोळा करायला लागला. पण परत लावणार कशाने? माणूस वाईट नाही, काळजी घेणारा आहे. म्हणूनच मला भीती वाटते.

तिथे तिकीट नाही, पहारा नाही. ज्यांना कड्यातली घरं पाहायचीच आहेत त्यांनी टोंटो राष्ट्रीय स्मारकात जावं. तीही सलाडोंचीच घरं आहेत आणि तिथे रेंजर असतात.

भटक्या_चँडलर

ताई, अजिबात पटलं नाही. ती घळ जंगल खात्याच्या नकाशावर आहे, गाइडबुकांत आहे. मग लपवताय कोणापासून? आमच्यासारख्या नव्यांपासूनच ना? मी इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं हाइकवाल्या जुन्या मंडळींकडून हेच ऐकलं, 'शोधा, सापडेल'. ज्यांचे आजोबा इथले त्यांना सगळं ठाऊक, आणि आपण मात्र पार्किंगवाल्या ठिकाणीच जायचं.

शिवाय चोरांना लोकेशन लागत नाही. १८९१ मध्ये नॉर्डेनशॉल्ड या स्वीडिश संशोधकाने कोलोरॅडोतल्या मेसा वर्देच्या कड्यातल्या घरांतून भांडी तर नेलीच, पुरलेल्या माणसांचे अवशेषही नेले. ते फिनलंडहून परत आले २०२० मध्ये! लोकांनी ती घरं पाहिली, लूट पाहिली, आरडाओरडा केला, तेव्हा कुठे जुन्या जागा जपायचा १९०६चा कायदा झाला. ज्या जागेवर चार लोकांचं येणं-जाणं असतं तिथे खणायला कोणी धजावत नाही. ॲरिझोनात तर स्वयंसेवक नेमाने जाऊन अशा जागांवर नजर ठेवतात. मीही त्यांच्यात नाव नोंदवणार आहे.

शिवनेरीपायथा

मी जुन्नरचा. आमच्याकडे डोंगरांत दोनशेच्या वर लेणी, लहानपणापासून आत-बाहेर केलेलं. खांबांवर खडूने, खिळ्याने लिहिलेली नावंही पाहिली. तरी लेणं हे कोरलेलं, अखंड कातळ. टेकलं तर काही होत नाही. ही घरं रचलेली आहेत. लेण्यांत वावरायची आपली सवय तिथे नेली की ताईंनी लिहिलं तेच होणार. त्यामुळे मी ताईंच्या बाजूने.

भटक्या_चँडलर

@शिवनेरीपायथा, मग सवय बदला म्हणून सांगा. वाट कशाला बंद करता?

रेवा_फ्लॅगस्टाफ

दोन्ही बाजू वाचल्या. दोघेही असं बोलताय की जागा आपली आहे आणि किल्ली कोणाकडे ठेवायची एवढंच ठरवायचंय. होपी आणि झुनी या इथल्या आजच्या आदिवासी जमाती, दोघेही सलाडोंशी आपलं नातं सांगतात. होपी अशा जागांना पूर्वजांची पावलं म्हणतात. ती घरं 'ओसाड' आहेत हे त्यांना मान्यच नाही, पूर्वज अजून तिथे आहेत असं ते मानतात.

आणि कायदाही पाहा. १९७९च्या पुरातत्त्व कायद्याप्रमाणे सरकारी जमिनीवरच्या अशा जागांची ठिकाणं माहिती-अधिकारात मागितली तरी सरकार रोखून धरू शकतं. विनापरवाना नासधूस केली तर पहिल्याच गुन्ह्याला दंड आणि कैद आहे. लपवणं हा काही ताईंचा हट्ट नाही. पण भटक्याचा पहिला मुद्दा मला लागला. नव्यांना वगळलं जातं हे खरं आहे, मीही ते सोसलंय.

सोनसळी

@भटक्या, तुमचा पहिला मुद्दा वाचून मी थोडी थांबले. नव्यांना तोडायचा हेतू नव्हता, पण परिणाम तोच होतोय हे कबूल.

तरी नकाशावर नाव असणं वेगळं आणि फोनवर पिन येणं वेगळं. नकाशा पाहून जाणारा दोन तास माहिती वाचतो, पाण्याचं बघतो, वाटेत कुठेतरी 'हात लावू नका' हे त्याच्या नजरेखालून जातं. पिन पाहून जाणारा थेट उंबऱ्यावर. आमचाही एकजण तसाच, माझ्या मागोमाग आला होता. मी त्याला गाडीत बसल्यावर सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. ती चूक माझी.

टोंटोला जा म्हणते ते कमी प्रतीचं म्हणून नाही. छतात सग्वारोच्या, म्हणजे इथल्या उंच निवडुंगाच्या, वाळलेल्या फासळ्या कशा अंथरल्यात, वर माती कशी लिंपलीय, हे तिथे रेंजर दाखवतात. वरचं चाळीसेक खोल्यांचं घर थंडीच्या महिन्यांतच, आधी नाव नोंदवून, त्यांच्याबरोबरच पाहता येतं. समोर रूझवेल्ट तलाव दिसतो. १९११ साली धरण झालं आणि सलाडोंची खोऱ्यातली गावं त्या पाण्याखाली गेली. आपण फिनिक्सकर तेच पाणी पितो. निदान वर जी उरलीत ती तरी जपू या.

माझ्याकडून एवढंच: आधी टोंटो करा, मग मला निरोप धाडा. चौघांच्या वर नाही, मी स्वतः घेऊन जाईन.

भटक्या_चँडलर

निरोप धाडतो. पण पिन मी देणारच, खाली 'हात लावू नका' लिहून. चौघाचौघांनी नेऊन किती जण बघणार?

नवीन_मेसा

मुलगा दोन वर्षांचा आहे, पाठीवर घेऊन टोंटोचं खालचं घर जमेल का?

सोनसळी

जमेल. जायला अर्धा मैल, चढ साडेतीनशे फूट, वाट पक्की. सावली नाही, सकाळी लवकर निघा. वर पोचल्यावर त्याला खाली सोडू नका.