भुलीच्या मशीनचं मेंटेनन्स: 'बिघडलं की बोलवा' म्हणणाऱ्यांना उत्तर

ओटीवाला_फोंडा:
काल इथे एकाने लिहिलं की मिलिटरी हॉस्पिटलं भुलीच्या मशीनच्या मेंटेनन्सवर दरवर्षी लाखो रुपये उगाच घालवतात, मशीन चालूच असतं, बिघडलं की जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, सगळ्यात स्वस्त असेल त्याला बोलवायचं आणि मोकळं व्हायचं. वाचून डोकंच फिरलं माझं. अहो, तो मिक्सर आहे का? २२ वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे मी, त्यातली ६ गोव्याबाहेरच्या एका सैनिकी इस्पितळात काढली. मशीन चालू असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. बऱ्याच मशीनमधला ऑक्सिजन सेन्सर म्हणजे बॅटरीसारखा एक सेलच असतो, मशीन बंद ठेवलं तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो संपतच राहतो. व्हेपोरायझरची, म्हणजे भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या भागाची, डायल २ वर असली तरी खरोखर किती सेव्होफ्लुरेन (ते औषध) बाहेर पडतंय ते अ‍ॅनालायझर लावल्याशिवाय कुणाला कळणार? मशीनमधलं सोडा लाइम पेशंटने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषतं तेव्हा पाणी सुटतं, त्यात पेशंटच्या श्वासाची वाफ, आणि वर आपला पावसाळा. ते पाणी श्वासाची हवा मोजणाऱ्या फ्लो सेन्सरमध्ये बसलं की आकडेच खोटे येतात. आमच्याकडे एका जुलैत सकाळी लीक टेस्ट (गॅस गळतोय का ती तपासणी) फेल झाली, हर्नियाचा जवान रात्रीपासून उपाशी, आणि एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या मेंटेनन्स कंत्राटाचा माणूस, फोनवर म्हणतो पार्ट आमच्या कंत्राटात धरलेला नाही, कोटेशन पाठवतो. ११ दिवस गेले.

टेंडरमास्तर:
कालची पोस्ट माझीच. तुमची गोष्ट वाईट आहे, मान्य, पण त्यात स्वस्ताचा काय दोष? एएमसी घेतली, पार्टसकट असलेली सीएमसी घेतली नाही, ही चूक अटी लिहिणाऱ्याची. मी सरकारी खरेदीत आयुष्य घालवलंय. कंपनीलाच काम द्या म्हणता तेव्हा काय होतं ते मी बघितलंय, सर्व्हिस मेनूला पासवर्ड, सेन्सरला ते म्हणतील तो भाव, आणि दुसऱ्याने हात लावला की वॉरंटी गेली. पैसा जवानांच्याच बजेटमधून जातो ना? एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम, हे नसेल तर यांना वेसण कोण घालणार?

चिखलीची_सिस्टर:
मास्तर, अटींचंच बोलताय तर ९५ टक्के अपटाइमचं, म्हणजे वर्षातला ९५ टक्के वेळ मशीन चालू हवं या अटीचं बोला. ऐकायला छान वाटतं. वर्षाचे ५ टक्के म्हणजे १८ दिवस मशीन बंद पडलं तरी दंड शून्य! दोनच टेबलं असलेल्या ओटीत १८ दिवस म्हणजे काय ते मला विचारा. रात्री सिझेरियन आलं की ते १८ दिवस संपेपर्यंत थांबणारे का?

पेडण्याचो:
मुळात दुरुस्तीला इंजिनिअर मुंबईहून कसा येतो ते बघा ना. २०२३ पासून बऱ्याच फ्लाइट मोपाच्या नव्या विमानतळावर, तिथून वास्कोच्या नेव्ही इस्पितळात यायचं तर टॅक्सी सांगेल तो भाव, ते बिल कंपनी कुठून काढते? आपल्याच कंत्राटातून. टॅक्सीवाल्यांनी गोंयची वाट लावलीय.

मोपाग्रस्त:
तोंड सांभाळून बोल रे. माझ्या काकाची जमीन गेली मोपात, आता टॅक्सीवरच घर चालतं. गाडीचा हप्ता, परमिट, पावसाळ्यात भाडं नाही, तू भरतोस? भुलीच्या मशीनचं खापरसुद्धा आमच्याच डोक्यावर?

पेडण्याचो:
जमीन माझ्याही मावशीची गेली. म्हणून मीटर लावायचा नाही का? परवा आईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं होतं, जो आकडा सांगितला तो ऐकून बसनेच गेलो, ७४ वर्षांची बाई, हातात सलाईनची पट्टी.

मोपाग्रस्त:
आईचं ऐकून वाईट वाटलं. तसं कुणी केलं असेल तर चूकच. पण सगळ्यांना एका मापात मोजू नको.

नेव्हीतले_आजोबा:
पोरांनो, टॅक्सी बाजूला ठेवा. मी नेव्हीत मेडिकल असिस्टंट होतो. आमच्यातलाच एखादा मशीन शिकायचा, दोन-तीन वर्षांत हात बसला की त्याची बदली. म्हणून बाहेरचं कंत्राट लागतंच. पण कंपनी दर वेळी नवा पोरगा पाठवते, त्याचं व्हेरिफिकेशन, गेटपास, मोबाईल गेटवर जमा, सोबत आमचा माणूस, यातच दुपार जाते. पासवाली दोन ठरलेली माणसं हवीत, तीही गोव्यात राहणारी. आणि सकाळची तपासणी आपल्याच माणसाने करायची, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवून. ती कंत्राटावर सोडायची नाही.

ओटीवाला_फोंडा:
आजोबा, दोन ठरलेली माणसं हे पटलं. मास्तर, एल-वन ठेवा हवं तर, पण सीएमसीच, सेन्सर आणि व्हेपोरायझरचं कॅलिब्रेशन धरून, आणि २४ तासांत दुरुस्त नाही झालं तर स्टँडबाय (बदली) मशीन कंपनीने आणून ठेवायचं.

टेंडरमास्तर:
१८ दिवसांचा हिशोब मी कधी मांडला नव्हता, सिस्टरचं ते बरोबर. स्टँडबायची अट घातली की गोव्यातला छोटा कंत्राटदार बोलीत उतरणारच नाही, पुन्हा कंपनीच एकटी राहणार, हेही लिहून ठेवा.

चिखलीची_सिस्टर:
मग स्टँडबाय हॉस्पिटलनेच विकत घ्यावं. जुनं चालेल, तपासलेलं हवं.