टेन्साइल टेस्टमध्ये लोडचा स्पीड महत्त्वाचाच
भाऊ, काँक्रीटचा सिलिंडर आडवा ठेवून दाबून फाडते अन् त्याची ताण सोसायची ताकद मोजते, ती टेन्साइल टेस्ट. तुम्ही म्हटलं का तो सिलिंडर हळू दाबा का जोरात, टेन्साइलचा आकडा तोच येते, तर तसं नाही ना. आमच्या यवतमाळकडे खेड्यातल्या पुलाच्या कामावर मी पाहिलं आहे, ऑपरेटरले जेवायची घाई, त्यानं वॉल्व्ह एकदम उघडला अन् त्याच बॅचचा सिलिंडर आधीच्यापेक्षा जास्त लोड घेऊन फाटला, सगळे खूश, मले मात्र तो आकडा पटला नाही. या टेस्टच्या जुन्या भारतीय मानकात, आयएस 5816 मध्ये, लोड चढवायचा स्पीड दिला होता, मिनिटाला 1.2 ते 2.4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे 150 बाय 300 च्या सिलिंडरवर मिनिटाला साधारण 85 ते 170 किलोन्यूटन.

आता काऊन फरक पडते, तर गिट्टी अन् सिमेंटच्या सांध्यात बारीक तडे आधीपासूनच असतात. लोड हळू चढला तर तड्याले वेळ भेटते, तो गिट्टीले वळसा घालत कमजोर जागेतून जाते. लोड धक्क्यासारखा आला तर तेवढा वेळच नाही, मंग काळी गिट्टीच मधातून चिरते, फाटलेला अर्धा तुकडा हातात घेतला का चिरलेली गिट्टी चकचकीत दिसते. छिद्रांतलं पाणी पण तड्याले अडवते, म्हणून ओल्या काँक्रीटवर स्पीडचा परिणाम कोरड्यापेक्षा जास्त. अन् दाबापेक्षा ताणात हा फरक मोठा.

लॅबमध्ये स्पीड थोडा इकडेतिकडे झाला तर फरक लहानच, पण दोन टेस्टचे रिपोर्ट शेजारी ठेवायचे असतील तर स्पीड किती होता अन् सिलिंडर ओला होता का कोरडा, हे आधी विचारा.