हिरोइझम : शौर्य, पराक्रम, धैर्य की नुसता 'धीर'?

प्रश्न

अद्भुतरम्य महाकादंबऱ्यांवर आणि त्यांच्या चित्रपटांवर लिहिताना 'हिरोइझम' हा शब्द पावलोपावली लागतो. 'शौर्य' लिहिलं की डोळ्यांसमोर तलवार येते. 'नायकत्व' हे कथेतल्या जागेबद्दल बोलतं, गुणाबद्दल नाही. 'वीरता' थेट हिंदीतून उचलल्यासारखं वाटतं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा (1954-55) नायक फ्रोडो दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघतो, पण अख्ख्या कथेत तर तो कुणाचा जीव घेत नाही. मग त्याच्या बाबतीत कोणता शब्द वापरायचा? 'क्वेस्ट' (नायकाचा ध्येयासाठीचा अवघड प्रवास) आणि 'टेम्प्टेशन' (भुरळ पडणं) यांच्यासाठीही नेमके शब्द हवे आहेत.

उत्तर

एकच शब्द शोधत बसलात तर अडकाल. इंग्रजीने एका पिशवीत भरलेल्या गोष्टी मराठीने वेगवेगळ्या ठेवल्या आहेत आणि इथे तोच आपला फायदा आहे. शब्दाबरोबर कोणतं क्रियापद येतं ते बघा, निवड आपोआप होते. पराक्रम गाजवतात, म्हणजे तो घडून गेलेला आणि चारचौघांत सांगण्याजोगा हवा. शौर्य दाखवतात, त्याला समोर शत्रू लागतो. धाडस करतात, ते एका क्षणाचंही असू शकतं. धीर मात्र धरतात, देतात, तो सुटतो, खचतो. तो टिकवावा लागतो आणि दुसऱ्याला देताही येतो.

आता पात्रं घ्या. योद्धा अरागॉर्न पराक्रम गाजवतो. शत्रुसेनेच्या काळ्या सरदारासमोर उभी राहणारी राजघराण्यातली एओविन शौर्य दाखवते. फ्रोडो धीर धरतो आणि त्याचा सोबती सॅम धीर देतो. शत्रूच्या मॉर्डर देशात सॅम पाण्याचा घोट स्वतः न घेता फ्रोडोला देतो आणि शेवटच्या चढावर त्याला पाठुंगळी घेतो. या प्रसंगाला 'सॅमचं शौर्य' म्हटलं तर वाक्य व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने पोकळ होतं. 'सॅमने धीर सोडला नाही' एवढं साधं वाक्य जास्त खरं आहे.

उत्तर

वरच्या उत्तरात एक भर. आपल्या काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव (मुळाशी टिकून राहणारी भावना) 'उत्साह' आहे, राग किंवा युद्धाची खुमखुमी नव्हे. नाट्यशास्त्र वीराचे तीन प्रकार सांगतं: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त चौथा येतो, दयावीर. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे हर्षाच्या 'नागानंदा'तला जीमूतवाहन, जो शंखचूड नागाऐवजी स्वतःचं शरीर गरुडापुढे ठेवतो. फ्रोडोसाठी हा शब्द तयारच आहे. जीमूतवाहनाला धीरोदात्त (गंभीर, थोर मनाचा नायक) म्हणायचं की धीरप्रशांत (शांत वृत्तीचा नायक), यावर जुन्या टीकाकारांनी बराच खल केला आहे. न लढणारा नायक थोर कसा, हा पेच त्यांनाही पडला होता.

प्रतिवाद

दयावीर शब्द सुंदर आहे, पण तो सरसकट लावू नका. जीमूतवाहन दुसऱ्यासाठी देह देतो, तर 'द हॉबिट' या टॉल्किनच्या आधीच्या कादंबरीतला बिल्बो अंगठीच्या नादाने बिघडलेल्या गॉलमला फक्त जिवंत सोडतो. दोन्हीला 'दया' म्हटलं तरी वजन वेगळं आहे. आणि इंग्रजी 'पिटी'चं भाषांतर 'कीव' असं करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. कीव वरून खाली पाहून करतात. त्या प्रसंगात, अंधाऱ्या बोगद्यात बिल्बो अंगठीमुळे अदृश्य आहे, हातात तलवार आहे, गॉलम वाट अडवून बसला आहे. एका वाराचं काम. तेवढ्यात बिल्बोला त्या जिवाचे आशेशिवाय गेलेले दिवस एका झटक्यात उमगतात आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. हे समोरच्याचं दुःख आतून कळणं आहे, म्हणून 'करुणा' किंवा 'कणव'. मी 'कणव' घेईन. ती पोटातून येते.

जाता जाता: 'द हॉबिट'च्या 1937च्या पहिल्या आवृत्तीत हा प्रसंगच नव्हता. तिथे अंगठी ही कोड्यांच्या खेळातली पैज होती आणि गॉलम स्वतःच बिल्बोला बाहेरची वाट दाखवत होता. पुढच्या महाकादंबरीशी मेळ बसावा म्हणून टॉल्किनने ते प्रकरण बदललं आणि 1951च्या आवृत्तीत ही उडी आली. म्हणजे ज्या कणवेवर सगळ्या कथेचा शेवट टेकला आहे, ती लेखकाने मागे जाऊन पेरली.

उत्तर

प्रतिवाद मान्य, पण फ्रोडोपुरता दयावीर टिकतो. शेवटच्या भागात फ्रोडो आपल्या मुलखात, शायरमध्ये परतल्यावर दुष्ट जादूगार सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो. आतल्या चिलखतामुळे फ्रोडो वाचतो, आणि तरीही सारुमानला मारू नका असं बजावतो. स्वतःवर वार झाल्यावरची ही दया आहे. पीटर जॅक्सनच्या 2003च्या चित्रपटात शायरच्या मुक्ततेचं प्रकरण गाळलं आहे, त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेल्याला 'दयावीर' शब्द ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. लेखात आपण पुस्तकाबद्दल बोलतोय की चित्रपटाबद्दल, ते आधी स्पष्ट करा. शब्द बदलतात.

'टेम्प्टेशन'बद्दल

'लोभ', 'हाव', 'मोह' यांपैकी इथे 'मोह'. लोभाला वस्तू लागते. मोहात बुद्धीवर पडदा पडतो आणि माणसाला आपण बरोबरच वागतोय असं वाटत राहतं. फ्रोडोच्या सोबत्यांपैकी बोरोमिरला अंगठी स्वतःचं घर भरायला नको आहे, आपलं नगर वाचवायला हवी आहे. त्याला लोभी म्हटलं की पात्राचा चुराडा होतो.

खरी कसोटी, जिथे अंगठी नष्ट करायची त्या ज्वालामुखीच्या कड्यावर लागते. कादंबरीत फ्रोडो स्पष्ट सांगतो की ज्यासाठी आलो ते मी करणार नाही, आणि अंगठी बोटात घालतो. गॉलम ते बोट चावून तोडतो, आनंदाने नाचत कडेला जातो आणि तोल जाऊन पडतो. त्याला कुणी ढकलत नाही. चित्रपटात फ्रोडो उठून पुन्हा झोंबतो, दोघे कड्यावरून जातात आणि सॅम फ्रोडोला वर ओढतो. पडद्यासाठी नायकाच्या हातात काहीतरी द्यावं लागलं असेल, पण त्यामुळे अर्थ सरकला. कादंबरीबद्दल 'फ्रोडोने मोहावर विजय मिळवला' हे वाक्य चूक आहे. 'फ्रोडो मोहात पडला, तरी कामगिरी फत्ते झाली' हे बरोबर. आधी केलेली दया तिथे फळाला आली.

हाच फरक बोरोमिरचा भाऊ फारामिर याच्या बाबतीत. पुस्तकात तो अंगठीचा मोह आवरतो. 2002च्या चित्रपटात तो फ्रोडोला धरून ऑसगिलियाथ शहरात नेतो आणि तिथे त्याला सोडतो. पहिल्यासाठी 'संयम', दुसऱ्यासाठी 'पश्चात्बुद्धी'. मला पहिला फारामिर जास्त मोठा वाटतो.

'क्वेस्ट'बद्दल

'शोध' नको, कारण इथे काही शोधायचं नाही, जवळ असलेलं नष्ट करायचं आहे. 'मोहीम' म्हटलं की फौजफाटा आणि मुलूख जिंकणं आलं. 'कामगिरी' नेमका आहे: कुणीतरी सोपवतो, कुणीतरी पत्करतो. 'विडा उचलणे' मोहक आहे, पण त्यात प्रतिज्ञेचा तोरा असतो. अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एलरॉन्डच्या सभेत, पुस्तकात, दुपारची घंटा होते, सगळे माना खाली घालून गप्प बसतात, आणि फ्रोडो म्हणतो की अंगठी मी नेतो, पण मला वाट माहीत नाही. स्वतःचाच आवाज ऐकून त्याला नवल वाटतं. इथे 'पत्करली' हेच क्रियापद. चित्रपटात मोठा कल्ला चालू आहे आणि फ्रोडो आवाज चढवून तो थांबवतो. तिथे 'विडा उचलला' चालेल.

पुरवणी : साहस

'साहस' आज मराठीत चांगल्या अर्थाने चालतो, पण स्मृतिग्रंथांत तो जबरदस्तीच्या गुन्ह्याचं नाव आहे. ही जुनी छटा टॉल्किनच्या अभ्यासाला उपयोगी पडते. 991च्या माल्डनच्या लढाईत इंग्रज सरदाराने व्हायकिंगांना खाडी ओलांडू दिली आणि सैन्य गमावलं. त्याबद्दलच्या जुन्या कवितेतल्या 'ओफरमोड' (फाजील अभिमान) या शब्दावर टॉल्किनने 1953मध्ये लिहिलं. मराठीत 'अतिसाहस'. कादंबरीतला फारामिर नदीचा उतार राखायला जातो आणि लढत मागे येतो, हे कर्तव्य. चित्रपटात तो शत्रूच्या ताब्यातल्या शहरावर घोडे घालतो. ते बापाने करायला लावलेलं अतिसाहस.

पुरवणी : कलाटणी

टॉल्किनने घडवलेल्या 'युकॅटास्ट्रॉफी' (कथेला अचानक मिळणारं शुभ वळण) या शब्दाला 'सुखान्त' म्हणू नका. त्या ग्रीक घडणीत 'वळणे' आहे, आणि आपल्या 'कलाटणी'तही तेच. 'शुभ कलाटणी' पुरे. साहित्यदर्पणकार नाटकाच्या निर्वहणात (शेवटच्या भागात) अद्भुतरस यावा असं सांगतो, ते याच्या अगदी जवळचं आहे: आशा संपल्यावर विस्मय.

एक सूचना. 'दयावीर'चं 'दयावीरत्व' करू नका, जीभ अडखळते. 'फ्रोडो हा दयावीर' असं नाम म्हणूनच ठेवा, आणि गुण सांगायचा असेल तिथे 'दया' आणि 'धीर' वेगवेगळे लिहा.